महामार्ग गेला, वाडीची वाट कोठे आहे?

५ जून २०२५ रोजी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता पुरा झाला. नागपुराहून निघालेली मोटार आठ तासांत मुंबईच्या वेशीवर येते, याचा राज्यकर्त्यांस मोठा अभिमान वाटतो. तो खुशाल वाटावा. सह्याद्रीच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरांचा बोगदा खोदणे हे लहानसहान काम नव्हे. परंतु हा टप्पा ज्या शहापूर तालुक्यातून गेला, त्या तालुक्यात पावसाळा लागला की एक बातमी ठरल्याप्रमाणे छापून येते : अमुक पाड्यावरील बाळंतीण बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, चिखल तुडवीत, पक्क्या सडकेपर्यंत आणावी लागली. पाड्याचे नाव बदलते, बातमी बदलत नाही. शेजारच्या मुरबाड तालुक्याची कथाही निराळी नाही. आठ तासांत विदर्भ ते कोकण अंतर कापणारे राज्य आपल्या राजधानीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर एका बाळंतिणीस दोन मैल नेऊ शकत नाही. यात इंजिनिअरांच्या अकलेचा काही दोष नाही. हा हक्काचा प्रश्न आहे.

धर्मांतर आणि हक्क यांना वाहिलेल्या पत्रात सडका, एस.टी. आणि टेलिफोन यांचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, दळणवळणाचा इतिहास आमच्याइतका दुसऱ्या कोणाच्या अंगावर लिहिला गेलेला नाही. टपालखाते नव्हते, तारयंत्र नव्हते, तेव्हा या देशात टपाल कोण पोचवीत होते? महार पोचवीत होता. गावचा वसूल तालुक्याच्या कचेरीत कोण नेऊन घालीत होता? महार. परक्या मुलखातून आलेल्या अंमलदारास पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाट कोण दाखवी, त्याच्या घोड्यापुढे कोण धावे, त्याचे ओझे कोण वाही? मयताची खबर रात्री-अपरात्री, भर पावसात, परगावच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे कोण नेई? येसकर, तराळ, वाटाड्या, जासूद ही सारी एकाच माणसाची नावे होती, आणि तो माणूस गावकुसाबाहेर राहत होता. त्याचे पाय हाच सरकारचा रस्ता होता आणि त्याचा आवाज हीच सरकारची दवंडी होती. या कामाला वतन असे भारदस्त नाव होते. प्रत्यक्षात ती वेठ होती. १८७४ च्या कायद्याने इंग्रज सरकारने ती पक्की केली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात त्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारे बिल आणले, तेव्हा त्या बिलाला केवढा विरोध झाला हे जुन्या कार्यकर्त्यांच्या घराघरांतून सांगितले जाई. वतन कायद्याने संपले ते १९५९ साली. म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आता ज्यांच्या पायांनी पिढ्यान्‌पिढ्या सारा मुलूख जोडला, त्यांच्या वाडीला जोडरस्ता नाही, याला काय म्हणावे? आणि वाट जाणणे हाच ज्याचा धर्म होता, त्या कातकऱ्याच्या, ठाकराच्या, वारल्याच्या पाड्याला वाट नाही, याला तरी काय म्हणावे? रस्ता वापरण्याचा हक्क एकाचा आणि रस्ता वाहण्याचे ओझे दुसऱ्याचे, ही विभागणी आमच्या समाजव्यवस्थेतच होती. नवे राज्य आले, डांबर आले, काँक्रीट आले. विभागणी मात्र जुन्याच जागी बसून राहिली. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे याच महामार्गाचे काम चालू असता यंत्र कोसळून २० माणसे ठार झाली. दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली ती माणसे होती. रस्ता करणारे आणि रस्त्यावरून जाणारे हे आजही दोन वर्ग आहेत.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यात प्रवासाने जे घाव घातले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहेत. १९०१ साली साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेली ती मुले मसूर स्टेशनावर उतरली. त्यांची जात कळताच गाडीवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला तो असा, की बैल मुलांनी हाकावे आणि त्याने शेजारून पायी चालावे! पुढे १९२९ साली, परदेशच्या विद्यापीठांच्या उच्च पदव्या मिळविलेले बॅरिस्टर आंबेडकर चाळीसगावला उतरले, तरी टांगेवाल्यांनी त्यांना नेले नाही. वस्तीतील एका अनभ्यस्त माणसाने टांगा हाकला, पुलावर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. वाहनात बसण्याचा हक्क हा त्या काळी पाण्याच्या हक्काइतकाच कठीण होता. केरळात १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह झाला, तो तर देवळात शिरण्यासाठीही नव्हता. देवळाभोवतालच्या रस्त्यावरून चालू द्या, एवढीच मागणी होती.

म्हणूनच संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तळी व स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द आहे. तो सहज पडलेला नाही. राज्याच्या पैशाने ठेवलेल्या रस्त्याचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे तेथे लिहिले आहे. आमचे म्हणणे याच्या एक पाऊल पुढे जाते. जो रस्ता केलाच नाही, त्यावर मज्जाव करण्याची गरजच कोणाला पडत नाही. तळ्यावर पहारा ठेवण्यापेक्षा वाडीच्या बाजूने तळेच न खोदणे हे अधिक सोपे, आणि त्यात खटला भरण्याचीही भीती नाही.

रेल्वेविषयी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, त्याच वर्षी कार्ल मार्क्सने असे भाकीत केले की आगगाडीमागून येणारे कारखाने जातींवर आधारलेली श्रमविभागणी विरघळवून टाकतील. आगगाडी १८५५ साली वाशिंदला आली, १८६१ साली कसाऱ्याला पोचली आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीला गेली. आज या गोष्टीला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा येथून माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईला कामाला जातात आणि रात्री परततात. डब्यात कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसला आहे हे कोणी विचारीत नाही. तो डबा हीच पुष्कळांची पहिली समतेची शाळा ठरली, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्टेशनातून बाहेर पडून गावाकडे वळले की पुन्हा जुनी वाट लागते, आणि ती वाट गावठाणापाशी संपते. मार्क्सला रूळ दिसले; रुळांपासून वाडीपर्यंतचे अंतर त्याला दिसणे शक्य नव्हते. मुरबाड तालुक्यात तर अजून आगगाडीच नाही. कल्याण-मुरबाड लोहमार्गाचे आश्वासन निवडणुकीच्या पंचांगात ठरलेल्या तिथीस उगवते आणि मावळते.

वास्तविक हा प्रदेश दळणवळणाच्या दृष्टीने मागासलेला कधीच नव्हता. मुरबाडच्या वैशाखऱ्याजवळून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनकाळी कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारा राजमार्ग होता. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञांची व दक्षिणांची भली मोठी यादी दिली आहे. परंतु त्याच वाटेने चालणाऱ्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी जुन्नरला बुद्धाच्या भिक्खुसंघासाठी लेणी खोदविली. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. तथागतांनी आपल्या पहिल्या शिष्यांना बहुजनांच्या हितासाठी चालत राहण्यास सांगितले, आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असेही सांगितले. धम्म हा चालणाऱ्यांचा मार्ग होता, आणि म्हणून तो रस्त्यांच्या कडेने वाढला. सोपारा, जे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे मृगयेच्या सहलींना जात. अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, वृद्धांना व खेड्यापाड्यांतील लोकांना तो स्वतः जाऊन भेटू लागला. राजाने जनपदातील माणसापर्यंत चालत जावे, ही शिकवण याच किनाऱ्यावर दगडात कोरली होती. आजचे राजे हेलिकॉप्टरने उतरतात. त्यासाठी तेवढी एक सपाट जागा मात्र दोन दिवसांत तयार होते.

आता नकाशा पाहावा. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता जातो, मध्य रेल्वे जाते, समृद्धी महामार्ग जातो. शिवाय चौथा एक मार्ग आहे, त्याची मोजदाद कोणी करीत नाही, तो पाण्याचा. तानसा १८९२ पासून, वैतरणेवरील मोडकसागर १९५७ पासून आणि त्यानंतर भातसा मुंबईची तहान भागवीत आहेत. नळांच्या देखरेखीसाठी नळांच्या कडेने सडक आहे. त्या सडकेला पावसाळ्यात वाहून जाण्याची मुभा नाही. आणि याच तालुक्यातील कसाऱ्याकडील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते, तो टँकरही जेथवर चाके जातात तेथवरच जातो. मुरबाडातून कल्याण-माळशेज-नगर रस्ता जातो. या साऱ्या मार्गांची दिशा एकच : मुंबईकडे, किंवा मुंबईकडून. डोळखांब, किन्हवली, टोकावडे या बाजूंच्या पाड्यांस ते आडवे ओलांडून जातात. समृद्धीवर तर बैलगाडीस, ट्रॅक्टरास, दुचाकीस, पायी माणसासही मनाई आहे. खुटघरला चढउताराची सोय आहे, पण ज्याच्यापाशी चारचाकी नाही त्याच्या दृष्टीने हा रस्ता म्हणजे शेतामधून गेलेली एक भिंतच होय.

ग्रामीण सडकांच्या योजना नाहीत असे नाही. १९४३ च्या नागपूर योजनेत देशभरच्या मुख्य इंजिनिअरांनी असे ठरविले होते की, शेतीच्या विकसित प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली; तिने सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ वा अनुसूचित क्षेत्रात २५० लोकवस्तीची अट घातली. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तेव्हा येथे २५० चा आकडा लागू व्हावा. पण कातकऱ्यांचा पाडा पंचवीस-तीस घरांचा. अडीचशे डोकी आणावयाची कोठून? सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेच्या चौथ्या टप्प्यातही लोकसंख्या धरली आहे ती २०११ च्या जनगणनेची. तेव्हाची कुटुंबे विभागली, मुलांची लग्ने झाली, पाडा वाढला. कागदावर तो तेवढाच राहिला.

त्याहून बारकाईने पाहण्याची गोष्ट दुसरी आहे. या योजनेच्या नियमाप्रमाणे बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरांच्या आत असलेली वस्ती 'जोडलेली' समजली जाते. वाचकहो, हा नियम ज्याने लिहिला त्याच्या मनात काही पाप होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु या देशात गावठाण आणि बौद्धवाडा यांच्यामधील अंतर कोणी मोजले होते? ते मनुस्मृतीच्या मोजपट्टीने मोजलेले अंतर आहे. गावठाणापर्यंत सडक आली, वाडा तेथून चारशे मीटरांवर ओढ्यापलीकडे आहे; ओढ्याला पूल नाही; पावसाळ्याचे चार महिने शाळा, दवाखाना, रेशन सारे ओढ्याच्या त्या तीरावर. सरकारी तक्त्यात मात्र ती वस्ती 'जोडलेली' आहे. अस्पृश्यतेने जे अंतर निर्माण केले, तेच अंतर नव्या नियमात माफ होऊन बसले. अशा वेळी जातीचा द्वेष करणाऱ्या अधिकाऱ्याची आवश्यकताच राहत नाही. फूटपट्टीच ते काम बिनबोभाट करते.

एवढ्यावर समाजकल्याणाच्या नावाने दुसरे दालन उघडे आहे, त्याचीही झडती घेऊ. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेमार्फत चालते. तिच्यातून रस्ते घेता येतात. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचे ठरविले. हे चांगले झाले. परंतु पाटीवरचे नाव बदलून पायाखालचा चिखल आटत नाही. आणि येथे आमच्या स्वतःच्या पुढाऱ्यांसही चार शब्द ऐकविणे प्राप्त आहे. पुष्कळ ठिकाणी दृश्य असे दिसते : वाडीच्या आत चकचकीत काँक्रीटची गल्ली, तोंडाशी देणगीदार आमदाराच्या नावाची कमान, आणि कमानीच्या बाहेर पाऊल टाकताच गुडघाभर गाळ. कमान फोटोत दिसते. मोरी फोटोत दिसत नाही. ठेकेदाराला आतील गल्ली सोयीची, कारण तेथे जमिनीचा वाद नाही. बाहेरची वाट दुसऱ्याच्या बांधावरून जाते, तेथे पाटलाशी, सरपंचाशी, वनखात्याशी भांडावे लागते. भांडण टाळून मिळविलेली कमान ही विजयाची कमान नव्हे. बुद्धविहार हवे, ते आम्हांस प्रिय आहे. पण ज्या विहारात वर्षावासाच्या दिवसांत भिक्खूला पोचता येत नाही, त्याचा पाया अजून भरावयाचा आहे असेच समजावे.

दळणवळण म्हणजे केवळ सडक नव्हे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. त्या गाडीच्या बाकावर जातीची खूण नव्हती, आणि एस.टी.ने ग्रामीण महाराष्ट्रात जेवढे स्पृश्यास्पृश्य एकत्र बसविले तेवढे एखाद्या परिषदेनेही बसविले नसेल. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस.टी. मोफत झाली, मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे भाडे झाले, मुलींना शाळेचा पास फुकट आहे. ज्या पाड्यावर गाडीच येत नाही, तेथे अर्धे भाडे म्हणजे कशाचे अर्धे? दहावीनंतर मुलीचे शिक्षण कोणत्या कारणाने थांबले असे विचारले तर बाप गरिबीचे नाव सांगतो, आई वाटेचे नाव सांगते. आमचा विश्वास आईवर अधिक आहे. टेलिफोनची तऱ्हा तीच. मुरबाडचे धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. त्याच तालुक्यात असे पाडे आहेत की जेथे रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटविण्यासाठी लहरींची वाट पाहत बसावे लागते. पूर्वी दवंडी पिटणारा आमचा होता, तेव्हा निदान बातमी आमच्या वाडीतून निघत असे.

'मध्ये वनजमीन आहे,' हे या दोन तालुक्यांतील सर्वांत लाडके सरकारी उत्तर. तानसा अभयारण्याचा पसारा पाहता ते खरेही वाटते. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) उघडून पाहावे. शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, रस्ते अशा तेरा सार्वजनिक सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी पंच्याहत्तरांहून अधिक झाडे पडणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. प्रकरण दिल्लीला जाण्याचे कारण नाही. म्हणजे किल्ली ग्रामसभेच्या हाती आहे, आणि ग्रामसभेला ती दाखविण्याचे कष्ट कोणी घेत नाही. पेसा कायद्याखालील २०१४ च्या नियमांप्रमाणे अनुसूचित क्षेत्रातील पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करवून घेता येते. मग ग्रामसभा मोठ्या गावाच्या देवळापुढे न भरता पाड्याच्या अंगणात भरते. वाट कोणी जाणूनबुजून अडविली असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, २०१५ च्या दुरुस्तीने, रस्ता किंवा वाट वापरण्यास अडथळा आणणे हा स्पष्ट गुन्हा आहे. शेतातल्या वाटेचा तंटा असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते.

आणि रस्ता हा सरकारच्या मर्जीचा विषय नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच सांगितले आहे. हिमाचल प्रदेशातील डोंगरी खेड्यांतल्या, बहुतांशी हरिजन म्हणविल्या जाणाऱ्या गरीब लोकांनी अर्धवट सोडलेल्या सडकेविषयी उच्च न्यायालयास साधे पत्र लिहिले. उमेदराम शर्मा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. डोंगरात राहणाऱ्यास जीवनाचा हक्क भोगावयाचा तर त्याला वाजवी रस्ता मिळालाच पाहिजे, तो २१ व्या अनुच्छेदात मोडतो, असे न्यायालयाने म्हटले. सह्याद्री हा हिमालय नव्हे, हे कबूल. परंतु डोळखांबच्या पाड्यावर साप चावलेल्या मुलाला उंचीच्या आकड्याने काही फरक पडत नाही.

रस्ता आला की जमिनीचे दलाल येतात, असा एक आक्षेप काही विचारी मित्र घेतात. तो खोटा नाही. शहापूर-मुरबाडात शहरी धनिकांच्या शेतघरांपर्यंत डांबर कसे झपाट्याने पोचते हे सर्वांना दिसते. पण यावरून पाड्याला चिखलात ठेवावे असा निष्कर्ष निघत नाही. सातबारावर आणि वनपट्ट्यावर कसणाऱ्याचे नाव आधी चढवावे आणि मग मोरी बांधावी, एवढाच निघतो. दलाल पायवाटेनेही येतो. रुग्णवाहिका येत नाही.

यास्तव आमची सूचना शहापूर व मुरबाड येथील बौद्धजनांस आणि तितक्याच आपुलकीने आदिवासी बांधवांस आहे. बौद्धवाडा आणि कातकरीवाडी यांनी वेगवेगळे अर्ज करू नयेत. ओढा एकच असेल तर मागणीही एकच असावी, आणि दोन वस्त्या मिळून अडीचशेची अट पुरी होत असेल तर ५०० मीटरांच्या आतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची नियमात मुभा आहे, ती लेखी मागावी. आदिवासी विकास विभागाने भगवान बिरसा मुंडा यांच्या नावाने पाड्यांसाठी जोडरस्त्यांची योजना काढली आहे, तिच्या यादीत आपला पाडा आहे की नाही हे माहितीच्या अधिकारात विचारावे. वाडीतील शिकलेल्या मुलांनी घरे मोजावी, माणसे मोजावी, पक्क्या सडकेपासूनचे अंतर पायवाटेने मोजावे, ओढ्याचा पूर कोठवर चढतो तेथे खूण करून फोटो काढावा. गेल्या तीन पावसाळ्यांत झोळीतून नेलेल्या रोग्यांची तारीखवार नोंद करावी. हे कागद जोडून ठराव मांडावा. १ मे ची ग्रामसभा पावसाळ्याच्या अगोदर येते. मसुदा एप्रिलमध्येच तयार असावा, सभेला बायकांनी अधिक संख्येने बसावे, आणि ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल हाती पडल्यावाचून कोणीही जागेवरून उठू नये.